देवळालीची लोण्याची पफ शीट: नाशिककरांनी घ्यावी अशी

देवळाली कॅम्पात एक ताई घरच्या घरी लोण्याची पफ शीट, म्हणजे खारी-पॅटिससाठीचं थराथराचं कच्चं पीठ, लाटतात, गोठवतात आणि ऑर्डरवर देतात. बरेच दिवस मी त्यांच्याकडून घेते आहे. मोठ्या दुकानातलं गोठवलेलं पाकीट आणि सिडकोतल्या बेकरीवाल्या चाचांकडून आणलेलं खारीचं कच्चं पीठ, या दोन्हींच्या शेजारी ठेवून ती भाजून पाहिली आहे. गोड पदार्थासाठी या शीटला तोड नाही. तिखटासाठीही मी हीच घेईन, मात्र पन्नास पाहुण्यांसाठी आलू पॅटिस करायचे असतील तर चाचांचं पीठ पुरेसं आहे, तिथे लोण्यावर एवढा खर्च करू नका.

मी इंदिरानगरला राहते आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. माझ्याकडे चिरोट्यांना सगळ्यात जास्त मागणी असते. त्यामुळे कुठलीही खारी, पॅटिस किंवा क्रीम रोल हातात आला की आधी मी तो मोडून पदर बघते. पदर एकमेकांना चिकटलेले आहेत की मोकळे, मधला भाग कच्चा पिठूळ राहिलाय का, बोटांना काय लागतंय, हे सगळं खाण्याआधीच कळतं. या शीटची पारखही मी तशीच केली.

पाकिटात दोन चौकोनी शीट येतात, मध्ये बटर पेपर घातलेला. मैदा, लोणी, पाणी, मीठ आणि थोडा लिंबाचा रस एवढेच घटक वर लिहिलेले असतात. यीस्ट नाही, बेकिंग पावडर नाही, सोडा नाही. पफ फुगतं ते वाफेवर, त्याला आणखी काही लागतच नाही. लिंबाचा रस मैद्याची लवचीकता जरा सैल करतो, म्हणून लाटताना पीठ मागे ओढलं जात नाही. पाकिटावर तारीख आहे, वजन आहे आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नोंदणी क्रमांकही आहे. घरगुती माल घेताना हा क्रमांक मी पाहतेच, कारण मी स्वतः विकते तेव्हा माझ्याही डब्यावर तो असतो.

आता लोण्याचं. या शीटची किंमत दुकानातल्या साध्या पाकिटाच्या जवळजवळ दुप्पट पडते आणि ती सगळी लोण्याची आहे. नेहमीच्या पिवळ्या लोण्यात निदान ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात बहुतेक पाणी. हे पाणीच कामाचं. मैद्याचा पातळ थर, त्यावर लोण्याचा पातळ थर, पुन्हा मैदा, अशी रचना गरम ओव्हनमध्ये गेली की लोणी वितळून मैद्यात मुरतं आणि पिठातल्या व लोण्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती वरचा थर उचलते. मैदा तेवढ्यात शिजून कडक झाला की पदर तिथेच उभा राहतो. तीनपदरी घडी सहा वेळा घातली की लोण्याचे थर होतात ७२९. ताई सहा घड्या घालतात, दर दोन घड्यांनंतर पीठ फ्रीजमध्ये विसावतं. पूर्ण दिवस जातो, असं त्या म्हणाल्या, आणि मला त्यात नवल वाटलं नाही.

आपल्या चिरोट्यात हेच आहे. पोळीवर साटा लावायचा, त्यावर दुसरी पोळी, पुन्हा साटा, मग तिसरी, आणि घट्ट गुंडाळी करून काप पाडायचे. साटा म्हणजे तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला लेप. तुपात पाणी जवळजवळ नसतं, म्हणून तिथे वाफ निघते ती फक्त पिठाच्या ओलाव्याची, आणि पिठी थरांना एकमेकांपासून दूर ठेवते. त्यात आपण मंद आचेवर तळतो, वरून झाऱ्याने तूप सोडत राहतो, म्हणून पदर फुलासारखे उमलतात. माझ्या सासूबाई साटा तळहातावर घेऊन बघायच्या. तो पाघळायला लागला की म्हणायच्या, "आता थांबा, गार होऊ दे." पफच्या बाबतीत पहिला नियम हाच आहे, लोणी गार राहिलं पाहिजे. ते पिठात मिसळून गेलं की थर संपले, मग ओव्हनमधून बिस्कीट बाहेर येतं.

दुकानातल्या पाकिटाची मागची बाजू जरूर वाचा. समोर बटरचं चित्र असतं आणि मागे लिहिलेलं असतं खाद्य वनस्पती तेल, मार्जरीन (तेलापासून केलेला लोण्यासारखा घट्ट पदार्थ) किंवा बेकरी शॉर्टनिंग (बेकरीत वापरायचं घट्ट तूप). कायद्याने त्यातले कारखानी ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारे हृदयाला घातक स्निग्ध घटक, आता बरेच खाली आले आहेत. २०२१ मध्ये मर्यादा ३ टक्क्यांवर आली आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर, आणि ही फार चांगली गोष्ट झाली. पण चवीचा प्रश्न तिथे सुटत नाही. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आपलं तोंड त्याहून गरम, म्हणून लोण्याची खारी जिभेवर विरते. बेकरीसाठी बनवलेलं मार्जरीन मुद्दाम जास्त तापमानाला वितळणारं केलेलं असतं, कारण बेकरीत भट्टीशेजारी उभं राहून पीठ लाटायचं असतं. ते तोंडात पूर्ण वितळत नाही आणि टाळूला मेणासारखा थर चिकटून राहतो. चहात बुडवून खाल्लं तर फारसं कळत नाही. गार श्रीखंडाबरोबर खाल्लं की लगेच कळतं.

तिन्ही पिठांचे सारखे चौकोन कापून, काहीही न भरता, एकाच ट्रेमध्ये भाजले. फुगण्यात चाचांचं पीठ पहिलं आलं. सरळ, उंच, चारही बाजूंनी सारखं. मार्जरीनचं बळ इथे दिसतं आणि ते मान्य करायला हवं. ताईंची शीट थोडी कमी उठली आणि एका कोपऱ्यात किंचित कललीही. पण रंग तिचा सगळ्यात सुंदर, गडद सोनेरी, आणि घरभर जो वास सुटला तो दुसऱ्या कुणाला आणता आला नाही. मोडल्यावर पापुद्रे सुटे होऊन ओट्यावर पडले. दुकानातलं पाकीट उंचीला बरं होतं, चवीला मात्र सपक, मीठसुद्धा कमी. ह्यांना मी काही न सांगता तिन्ही तुकडे दिले, तर ताईंचा तुकडा संपवून म्हणाले, "हा कुठला? अजून आहे का?"

एकदा एका मोठ्या दुकानातून आणलेल्या पाकिटात मात्र शीट एकमेकींना चिकटून गोळा झालेल्या निघाल्या. वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठवलेला माल होता. अशा पाकिटात आत बर्फाचे खडे दिसतात आणि शीटची कड वाकडी झालेली असते. पाकीट हातात घेऊन सपाट आहे ना, आत बर्फ साचलेला नाही ना, हे काउंटरवरच बघून घ्या. देवळालीहून आणतानाही मी थर्मासची पिशवी नेते, तीत बर्फाच्या दोन पिशव्या. ताईंनी पहिल्याच वेळी बजावलं होतं, "काकू, घरी गेलात की आधी हे फ्रीजरमध्ये, मग चहा."

ही शीट वापरायची म्हणजे आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवायची. ओट्यावर ठेवून घाईने मऊ केली की बाहेरचं लोणी पाघळतं आणि आतलं तसंच कडक राहतं, मग उलगडताना तडे जातात. एकदा वितळलेली शीट पुन्हा गोठवू नये. कापायला धारदार सुरी घ्या आणि एका दाबात सरळ खाली कापा, मागेपुढे घासू नका. घासलं की कडेचे थर एकमेकांत दाबले जातात आणि ती बाजू उठत नाही. करंजीचं कातण मी एरवी कौतुकाने वापरते, पण पफवर त्याची धार जाड पडते. वरून अंड्याचा किंवा दुधाचा हात फिरवताना तो कडेवरून ओघळू देऊ नका, तिथेही थर चिकटतात. आम्ही अंडं घालत नाही, तेव्हा दुधावरची साय थोड्या दुधात मोडून लावते, रंग छान येतो. आणि भरलेले तुकडे ओव्हनमध्ये जाण्याआधी अर्धा तास तरी फ्रीजमध्ये गार करा. एवढं केलं तर निम्मं काम झालं.

ओव्हन आधी तापलेला हवा, निदान २०० अंश. माझा साधा ओटीजी आहे, तो मी वीस मिनिटं आधी सुरू करते. कमी आचेवर ठेवलं तर मैदा सेट व्हायच्या आधी लोणी वितळून ट्रेमध्ये येतं आणि पफ स्वतःच्याच लोण्यात तळल्यासारखं होतं. मायक्रोवेव्हवाल्यांनी कन्व्हेक्शनवर करावं, नुसत्या मायक्रोवेव्हवर हे होणारच नाही. पहिली पंधरा मिनिटं दार उघडू नका. रंग आला म्हणून लगेच काढूही नका. वरून सोनेरी आणि आतून ओलं पीठ, ही आपल्याकडच्या बहुतेक घरगुती पॅटिसची अडचण असते. रंग आल्यावर आच १८० वर आणून आणखी काही मिनिटं राहू द्या, आतला ओलावा निघून जातो.

नाशिकमध्ये ऋतूही बघावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडून बोचरं वारं येतं तेव्हा, ओट्यावर शीट निवांत पंधरा-वीस मिनिटं काम करू देते. त्या दिवसांत मी सगळ्यात अवघड आकार करते. एप्रिल-मेमध्ये दुपारी स्वयंपाकघरात लोणी टिकतच नाही. तेव्हा सकाळी सहाच्या आत कापून, भरून, ट्रे फ्रीजमध्ये सरकवायचा आणि भाजायचं संध्याकाळी. उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जाते त्या भागातल्या लोकांनी जास्तीची पाकिटं साठवू नयेत.

तिखटात माझी पहिली पसंती कांद्याला. नाशिक जिल्ह्यात राहून पफमध्ये बटाटाच भरत बसायचं, हे मला पटत नाही. लासलगाव, पिंपळगाव, उमराणे या बाजारांचा कांदा आपल्या दारात येतो. यासाठी उन्हाळ कांदा घ्या, चाळीत राहून मुरलेला. त्यात पाणी कमी, म्हणून तो आटतो लवकर आणि गोडसर लागतो. नव्या लाल कांद्याला पाणी फार सुटतं. उभा पातळ चिरून, थोड्या लोण्यावर, अगदी मंद आचेवर, मीठ घालून परतत राहायचा. पाऊण तास तरी लागतो. आधी तो पारदर्शक होतो, मग मऊ, मग हळूहळू तांबूस आणि शेवटी मुरंब्यासारखा दाट. उतरवताना चिमूटभर काळा मसाला आणि थोडं भाजलेलं जिरं. गार झाल्यावर शीटच्या चौकोनात मध्ये पसरायचा, कडेला बोटभर जागा सोडायची, वर किसलेलं चीज किंवा कुस्करलेलं पनीर. कड न दुमडता उघडाच भाजायचा. भोवतीची मोकळी कड फुगून उभी राहते आणि मधला कांदा कडेला किंचित करपतो, तोच घास सगळ्यात चांगला. माझी सून म्हणते, "आई, ह्याच्यापुढे पिझ्झा मागवायचा नाही." आणि खरंच मागवत नाही.

दुसरं भरीत. हिवाळ्यात जळगावकडची हिरवी भरताची वांगी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात दिसली की मी जास्तीची घेते. वांगी भाजून, हिरवी मिरची आणि लसूण ठेचून, दाणे आणि कांद्याची पात घालून खानदेशी पद्धतीचं भरीत करायचं, पण नेहमीपेक्षा कोरडं. भाजलेलं वांगं चाळणीत ठेवून त्याचं पाणी निथळू द्यावं लागतं, नाहीतर खालचा पदर ओला होऊन बसतो. करंजीसारखा अर्धगोल करून कड काट्याने दाबली आणि वर दोन चिरा दिल्या की वाफ बाहेर पडते. मुरड घालू नका. मुरडीत पीठ जाड होतं आणि तेवढा भाग कच्चा राहतो, एरवी करंजीत ती कितीही सुंदर दिसली तरी. धुरकट भरीत आणि लोण्याचा पापुद्रा एकत्र खाऊन बघा. भाकरीबरोबरच्या भरताचा मान मी कमी करत नाही, पण ही वेगळी मेजवानी आहे.

मटकीची सुकी उसळ भरूनही करते, वर शेव आणि कच्चा कांदा खाताना घ्यायचा. मुलांना आवडतं. ती उसळ मात्र पूर्ण कोरडी हवी, मिसळीचा रस्सा बाजूला वाटीत. मेथी आणि मक्याचे दाणेही चालतात, पण मेथीचा कडवटपणा लोण्यात उगीच जास्त जाणवतो असं मला वाटतं. पालक त्यापेक्षा बरा, घट्ट पिळून घेतला तर.

गोडात मात्र या शीटचं खरं मोल कळतं. आमच्याकडे गुढीपाडव्याला श्रीखंड असतंच. गेल्या पाडव्याला मी शीटचे लांबट आयत कापले, काट्याने सगळीकडे टोचे मारले, बटर पेपर घातला आणि वरून दुसरा ट्रे ठेवून भाजले. असं दाबून भाजलं की पदर वर न उठता घट्ट, कुरकुरीत, बिस्किटासारखे सपाट होतात. शेवटच्या पाच मिनिटांत वरचा ट्रे काढून पिठीसाखर भुरभुरवली आणि आच वाढवली. साखर वितळून तिचा काचेसारखा पातळ थर होतो. तो शोभेचा तर असतोच, शिवाय ओलावा आत शिरायला वेळ लावतो. तीन आयत, मध्ये केशरी श्रीखंडाचे दोन थर, वर पिस्त्याचे काप. श्रीखंडाचा चक्का रात्रभर टांगून अगदी घट्ट केलेला हवा आणि थर लावायचे ते पानं वाढायच्या वेळी. तासभर आधी लावून ठेवले तर सगळी मेहनत मऊ पडते. सासूबाईंच्या वयाच्या मावशी जेवायला होत्या. त्यांनी दोनदा मागून घेतलं आणि साखर किती, दही कुठलं, सगळं विचारलं. आंब्याच्या दिवसांत आम्रखंडाचंही असंच करता येतं, फक्त ते जरा सैल असतं, म्हणून थर पातळ लावावा.

द्राक्षांचं सांगते. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांची चैन असते. थॉमसन, सोनाका, काळी शरद सीडलेस, सगळ्यांची गोडी वेगळी. कच्ची द्राक्षं सरळ पफवर ठेवली तर ती फुटतात, रस खाली जातो आणि तळ भिजतो. म्हणून काळी द्राक्षं अर्धी करून, थोडी साखर आणि लिंबू घालून, आधी कढईत रस आटेपर्यंत शिजवायची. रंग दाट जांभळा येतो. शीटचे वाटीएवढे गोल कापून, आत कडेपासून बोटभर अंतरावर सुरीच्या टोकाने हलकी गोल खूण करायची, मधल्या भागाला टोचे मारायचे. भाजताना कड उभी राहते आणि मध्ये खळगा होतो. त्यात गार केलेली द्राक्षं, आणि वर आटवलेल्या दुधाचा चमचाभर घट्ट गोळा. थोडं आंबट, थोडं खारट कारण लोणी मिठाचं, आणि दुधाची गोडी. बाहेर विकत मिळणाऱ्या पेस्ट्रीत साखरेशिवाय काही लागत नाही. इथे प्रत्येक गोष्टीची चव वेगळी ओळखू येते, आणि मला त्याचंच कौतुक आहे.

पुरण भरून केलेलं आमच्या घरात सगळ्यांना आवडलं नाही. पुरणपोळीची मऊ पोळी आणि वर तूप, ही जोडी इतकी मुरलेली आहे की कुरकुरीत पापुद्र्यात ते परकं वाटतं. पेरूचा घट्ट मुरंबा मात्र फार छान जमतो. सीताफळ भाजू नये, त्याची चव उष्णतेने बिघडते, भाजलेल्या गार पफवर गर ठेवून लगेच खावं.

कापून उरलेल्या पट्ट्या मळून गोळा करू नका. मळलं की थर मोडले. त्या एकावर एक आडव्या रचा, हलक्या हाताने लाटा, साखर आणि वेलची पसरून दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत गुंडाळा, गार करा आणि पातळ काप पाडा. साखरेत दोन्ही बाजू दाबून भाजले की खाली साखरेचा तांबूस चटका बसतो. मध्ये उलटायला विसरू नका. चहाबरोबर हे काप डब्यात चारेक दिवस कुरकुरीत राहतात. भरलेले पफ मात्र त्याच दिवशी संपवायचे. उरलेच तर मायक्रोवेव्हमध्ये न टाकता ओटीजीत १६० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवा.

ताईंच्या कामात दोन गोष्टी मला कमी वाटतात. शीट थोडी लहान आहे, सपाट भाजलेल्या मोठ्या आयतासाठी दोन शीट जोडाव्या लागतात आणि तो जोड दिसतो. आणि जाडी प्रत्येक वेळी सारखी नसते, एखादी शीट मध्ये जाड आणि कडेला पातळ येते. हाताने लाटलेल्या मालात हे होणार, पण पैसे दुप्पट घेतले की अपेक्षाही तशी असते. मी त्यांना हे सांगितलं आहे. त्यांनी लगेच मोठ्या आकाराचं विचारात घेते म्हटलं, आणि जाडीसाठी लाटण्याच्या दोन्ही टोकांना रबराची कडी लावून बघणार आहेत.

चाचांबद्दलही लिहायला हवं. ते आदल्या दिवशी सांगितलं तर किलोवर कच्चं पीठ देतात, आणि लोणी वापरत नाही हे न विचारताच सांगतात. "ताई, बटर घातलं तर खारी कोण घेणार या भावात?" असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. शाळेच्या कार्यक्रमाला, भिशीला, गणपतीतल्या संध्याकाळच्या खाण्याला मी त्यांचंच पीठ आणते. त्यात उकडलेल्या बटाट्याचं, आलं-मिरची आणि बडीशेप घातलेलं सारण उत्तम लागतं. गरम खावं, म्हणजे टाळूचा थर जाणवत नाही.

लोण्याच्या शीटसाठी निदान दोन दिवस आधी ऑर्डर द्यावी लागते, मे महिन्यात ताई काम बंद ठेवतात आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्याकडे पाकीट शिल्लक राहत नाही. घरपोच नाही, देवळाली कॅम्पातून स्वतः आणावं लागतं, तेव्हा दोघी-तिघी शेजारणींनी मिळून एकत्र मागवलं तर फेरी सार्थकी लागते. पाडव्याच्या श्रीखंडासाठी हवी असेल तर मार्चच्या सुरुवातीलाच नाव नोंदवून ठेवा. मी माझं नोंदवलं आहे.